बाहेरून लावायची कडी

कडी आतनं लावली तर तिचा आवाज वेगळा येतो आणि बाहेरनं लावली तर वेगळा. दोन्ही ऐकलेल्या माणसालाच ते कळतं. आतनं लावताना माणूस हळूच सरकवतं, निजायच्या आधी लावल्यासारखी. बाहेरनं लावली की ती ठाक करून बसते. त्या घरात पहिल्याच दिवशी मला वरच्या खोलीची कडी दाखवली, तवा मी दोन पावलं मागं सरले. पण काम पाहिजे होतं.

धायरीत आमच्या वस्तीच्या मागं पूर्वी ज्वारीची रानं होती. तिथं आता रो-हाऊसांची सोसायटी झाली हाय. घर नवं कोरं. फरशी अशी की वाकून बघितलं तर तोंड दिसावं. पुढच्या दाराला चावी न्हाई, नंबर दाबायचं कुलूप. खिडक्यांना डासांची जाळी. अशा घरात कसली आलीय भीती, असं कुणीबी म्हणेल. मीबी म्हटलं होतं.

घरात माणसं तीन. दादा कंपनीत कम्प्युटरचं काम करायचे, सकाळी जायचे ते अंधार पडताना यायचे. त्यांची बायको, तिला मी ताई म्हणते, ती कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पण पोटुशी होती म्हणून घरी बसून लिहायवाचायचं काम करायची. आणि वरच्या खोलीत दादांची आई. मी त्यांना मोठ्या बाई म्हणायचे. त्यांना सांभाळायचं, हे माझं काम. तसं बघितलं तर त्यांच्यात आणि माझ्यात चार-पाच वर्षांचंच अंतर असेल. त्यांचं डोकं गेलं होतं, माझे गुडघे.

दादांनी समजावून सांगितलं, "मावशी, दिवसभर आई एकदम चांगली असते. खोली उघडी ठेवा, फिरू दे घरात. पण ऊन उतरायला लागलं की खोलीत न्यायचं आणि बाहेरून कडी घालायची. खालचं दार, मागचं दार, खिडक्या, सगळं बंद. मी येईपर्यंत उघडायचं नाही."

"आणि बाईंनी बोलावलं तर?"

"बोलावणारच. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसा, आवाज देत राहा. पण उघडू नका. मागे एकदा संध्याकाळी निघून गेली होती. धायरी फाट्यावर सापडली, गाड्यांच्या मधोमध, अनवाणी." हे सांगताना त्यांचा आवाज बसला. मग म्हणाले, "आणि काडेपेटी घरात ठेवायची नाही. गॅसला लायटर आहे. देवापुढं बॅटरीचा दिवा लावलाय."

कडीला एक छोटं कुलूपबी होतं, मोठ्या बाई आतनं दार हलवून कडी पाडायच्या म्हणून. त्याची किल्ली मी पदराला बांधली.

दिवसा त्या गरीब गाय. एकच लुगडं घडी घालायच्या, मोडायच्या, परत घालायच्या. मला वहिनी म्हणायच्या. "वहिनी, चहा झाला का?" मी म्हणायचे, "आत्ताच घेतला की आपण." मग हसायच्या. "मग परत घेऊ. कुणाच्या बापाचं जातंय?" जेवण नीट करायच्या, केस विंचरून घ्यायच्या. मला वाटायचं, ह्यांना कोंडायचं कशाला?

ऊन कलायला लागलं की कळायचं. आधी त्यांची बोटं थांबायची. मग नजर खिडकीकडं जायची. मग उठायच्या, बसायच्या, परत उठायच्या. मी हात धरून खोलीत न्यायचे. कडी लावली की पहिली थाप पडायची. मग दोन्ही हातांनी. मग तांब्यानं. आणि ओरडायच्या, "उघडा गं! ती उभी हाय बाहेर! कधीची उभी हाय! परत जाईल ती!"

मी बाहेर खुर्चीवर. "बाई, मी हाय हो इथं. बाई, बसा जरा." माझा आवाज मलाच खोटा वाटायचा. खाली ताई कानात ते वायरचं गाणं ऐकायचं घालून बसायची. पण तिचे हात मला जिन्यातनं दिसायचे. पोटावर घट्ट धरलेले.

ती कोण, हे कुणाला ठाऊक न्हवतं. ताईच्या आईनं फोनवर सांगितलं की ही बाहेरची बाधा हाय, त्या घरात बाळंतपण नको. दादा म्हणाले, डॉक्टर सांगतात, ह्या आजारात संध्याकाळी वाढतंच. दोघांचंबी मी ऐकलं. रोज दुपारचं जेवण झालं की मी सारखी गॅलरीत जायचे. सावली कुठवर आली ते बघायचे. गॅलरीतल्या तुळशीची सावली भिंतीला टेकली की समजायचं, आता होणार.

ताईची आणि माझी बोलाचाली भाजीमुळं झाली. मी टेबलावर मेथी निवडत बसायचे, समोर ती तिची पुस्तकं मांडून. जुनी, पिवळी पडलेली पुस्तकं, बुधवार पेठेतनं आणलेली. एकावर एक चवड. एक दिवस मी विचारलं, "एवढं काय हाय त्यात?"

"भीतीच्या गोष्टी आहेत, मावशी. फार जुन्या. इंग्रजांच्या. त्यातल्या बायका कशा असतात, त्यावर मला मोठा निबंध लिहायचाय."

"कशा असतात?"

ती कुणीतरी विचारायची वाटच बघत होती वाटतं. म्हणाली, "एक मोठं घर असतं, गावापासून लांब. तिथं एक तरुण मुलगी येते, लग्न होऊन नाहीतर कामाला. ती सारखी घाबरलेली असते. हातात मेणबत्ती घेऊन जिन्यावरून वर-खाली फिरते."

"का? दुसरं काम न्हाई का तिला?"

ताई खूप हसली. मग म्हणाली, "तिला आवाज येतात ना. वरच्या मजल्यावर कुणीतरी कोंडलेलं असतं. बहुतेक एक वेडी बाई. ती ओरडते, एक दिवस सुटते आणि घराला आग लावते."

एवढं बोलून ती थांबली. माझ्याबी हातातली मेथीची काडी तशीच राहिली. वर मोठ्या बाई काहीतरी गुणगुणत होत्या.

"आणि अजून एक असते," ताई म्हणाली. तिला विषय बदलायचा होता. "घराच्या किल्ल्या सांभाळणारी बाई. वयस्कर, काळ्या कपड्यातली. हसत नाही. सगळं माहिती असतं तिला पण सांगत नाही काही. त्या मुलीला तिची पण भीती वाटते."

माझा हात आपसूक पदराच्या गाठीवर गेला. तिनं ते बघितलं आणि कानापर्यंत लाल झाली. "तुम्ही नाही हो मावशी! मी आपलं पुस्तकातलं..."

"मी तरी कुठं हसते," मी म्हटलं.

पण घरी गेल्यावर ते माझ्या डोक्यातनं जाईना. भाकरी थापता थापता मी तेच घोळवत होते. घाबरलेली पोरगी, कोंडलेली बाई, किल्लीवाली. त्या घरात आम्ही तिघी होतो आणि तिघींना कुणीतरी आधीच नेमून दिल्यासारखं झालं होतं. पण ह्यातली मधली मी होऊन आले होते. ते ताईला ठाऊक न्हवतं.

माझा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. मी तवा तरणी होते. त्याला घरी आणला, सगळ्या बाया रडायला लागल्या, आणि मला रडूच येईना. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं. मी चूल पेटवली, पाणी तापवलं, जे करायचं ते केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासू म्हणाली, ही रडत न्हाई म्हणजे हिच्यात दुसरं कुणीतरी बसलंय. झालं. मग मी जेवले तरी त्याचं, न्हाई जेवले तरी त्याचं. कडब्याच्या खोलीत घातलं मला. मिरच्यांची धुरी द्यायला माणूस यायचा. मी आतनं सांगायचे, मी चांगली हाय, मला फक्त रडू येत न्हाई. कुणी ऐकायचं न्हाई. मग मीबी ओरडायला लागले, दार बडवायला लागले. मग ते म्हणायला लागले, बघा, आता दिसलं का.

भाकरी-पाणी द्यायला माझी थोरली जाऊ यायची. कडी तिच्या हातात. ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई कधी, तोंड वाकडं करून ताट सरकवायची. एकदा भर दुपारी सगळी रानात गेली होती. तिनं ताट ठेवलं, दार ओढून घेतलं, आणि मी वाट बघत राहिले, पण ठाक आवाज आलाच न्हाई. मी लई वेळ हलले न्हाई. मला वाटलं ही विसरली, आता परत येईल. न्हाई आली. मग मी उठले आणि रस्त्याला लागले. एसटीनं पुण्यात. मार्केट यार्डात कांदा निवडायला बसले, ती गुडघे जाईपर्यंत निवडत राहिले. जाऊ परत कधी भेटली न्हाई. तिनं मुद्दाम केलं का चुकून, ते मला अजून ठाऊक न्हाई. पण मला वाटतं, चुकून न्हाई.

हे मी ताईला सांगितलं, पण तेवढं लांब न्हाई. वांगी चिरता चिरता चार वाक्यांत सांगितलं. ती लिहायचं सोडून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पुस्तकात असं नसतं, मावशी. कडी सांभाळणारी बाई कडी उघडी ठेवून जाते, असं कुठंच नसतं."

"मग चुकलंय पुस्तकाचं," मी म्हटलं. "मीठ टाकलंय का मी भाजीत?"

पण ह्या बोलण्यानं मला सोपं झालं न्हाई, अवघडच झालं. कारण मी काही जाऊ न्हवते. आमच्या गावात कडी काढली तर बाहेर रान होतं. इथं बाहेर सिंहगड रोड. कडी काढून मोठ्या बाई गाडीखाली आल्या तर? मी रोज किल्ली फिरवायचे आणि रोज वाटायचं, आपण सासूच्या जागी येऊन बसलो.

मग ते जिन्यावरचं झालं. एका संध्याकाळी मला न्यायला जरा उशीर झाला. मोठ्या बाई खालीच होत्या. ताई पाण्याची बाटली भरायला उठली तर त्यांनी झडप घातल्यासारखं तिचं मनगट धरलं आणि दाराकडं ओढायला लागल्या. "तू उघड! तुझ्या हातानं उघड! तू ह्या घरची न्हाईस का?" ताई घाबरून मागं सरली, पाय जिन्याच्या पहिल्या पायरीला अडकला आणि ती बसली. बसली म्हणून वाचलं, पडली न्हाई. मी मध्ये गेले, बाईंची बोटं एकेक करून सोडवली. मनगटावर लाल वळ उठले होते.

दादा आले. वळ बघितले. आईला जेवू घातलं, तोंड पुसलं, झोपवलं. मग खाली येऊन गाडीत जाऊन बसले, दिवा न लावता. मी घरी जायला निघाले तवा काचेतनं दिसलं, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर लोहचुंबकानं एक कागद चिकटवलेला होता. सासवडच्या पलीकडं एक संस्था होती, अशी माणसं ठेवून घेणारी. रविवारी सकाळी त्यांची माणसं न्यायला येणार होती. बाळ यायच्या आत.

"तिथं चांगलं असतं, मावशी," ताई मला म्हणाली. म्हणजे खरं तर स्वतःलाच म्हणाली. "नर्स असतात. बाग आहे."

"कडी असती का?"

तिनं लोहचुंबक उचलून परत तिथंच लावला.

शनिवार आला. मी मोठ्या बाईंना न्हाऊ घातलं, केसांना तेल लावलं. त्यांची लुगडी पिशवीत भरायला ताईनं सांगितलं होतं. मी भरत होते आणि त्या एकेक बाहेर काढून घडी घालत होत्या. "वहिनी, कुणाचं लग्न हाय?" मी म्हटलं, "कुणाचं न्हाई बाई." "मग बांधाबांध कशाला?" मी म्हटलं, "आपलं जुनं-नवं बघतीय." त्यांनी माझ्याकडं अशी नजर लावली की मला वाटलं ह्यांना सगळं कळलं.

तुळशीची सावली भिंतीला टेकली. मी त्यांना खोलीत बसवलं, कडी घातली, कुलूप लावलं. ठाक. खुर्ची ओढली. थाप पडली. "उघडा गं! उभी हाय ती!"

जिन्यावर पावलं वाजली. ताई वर येत होती, एका हातानं कठडा धरून, दुसरा कमरेवर. ती ह्या वेळेला कधी वर आली न्हवती. कान मोकळे.

"मावशी, उघडा."

"ताई, दादांनी सांगितलंय न्हाई म्हणून. तुमची अवस्था बघा. खाली जा."

"माझ्या प्रत्येक पुस्तकात ती मुलगी शेवटी ते दार उघडते. घाबरत घाबरत, पण उघडते. मी वर्गात पोरांना सांगते की बघा, भित्री म्हणतात तिला, पण उघडणारी तीच असते. आणि मी इथं सहा महिने खाली बसून गाणी ऐकतेय."

"ती पोरगी पोटुशी असती का तुमच्या पुस्तकात?"

"नसते," ती म्हणाली. थोडं हसली. मग माझ्याशी हुज्जत घालायचं सोडून ती दाराला अगदी तोंड लावून म्हणाली, "आई, मी आहे. कोण उभं आहे बाहेर?"

आतला आवाज थांबला.

एवढे महिने आम्ही "बसा", "गप राहा", "येतोय" असं सगळं बोललो होतो. हे एक कुणी विचारलं न्हवतं. मला कडब्याच्या खोलीत कुणी विचारलं न्हाई, मग विचारायचं असतं हेच माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हवतं.

आतनं चिडका, थकलेला, पण नीट आवाज आला. "कोण म्हणजे? लक्ष्मी! दिवेलागण झाली आणि घरातली सगळी दारं लावून बसलाय तुम्ही. पुढचं दार उघडं नको का? ती येती, बघती, परत जाती. रोज परत जाती. मी किती वेळा हाका मारायच्या? एक दिवस मागनं गेले तिला आणायला तर लोकांनी मलाच धरून आणली."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. माझ्या घरी, एका खोलीच्या घरीबी, मी दिवेलागणीला दार उघडं टाकते. इथं डास येतात म्हणून आणि बाई जातात म्हणून नेमक्या त्याच वेळेला आम्ही सगळं ठोकून बंद करत होतो.

मी गाठ सोडली. किल्ली कुलपाला लागेना. ताईनं माझा हात धरून ती घातली.

मोठ्या बाई बाहेर आल्या. धावल्या न्हाईत. पदर डोक्यावर घेतला आणि जिना उतरायला लागल्या. मी त्यांच्या पुढच्या पायरीवर, ताई मागं. माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडं. पुढच्या दाराशी आल्यावर त्या नंबरच्या कुलपाकडं बघत राहिल्या. त्यांना ते उमगेना. ताईनं बटणं दाबली. दार उघडलं आणि बाहेरचा सगळा आवाज आत आला, स्कूटर, कुकरच्या शिट्ट्या, गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं. मी उंबऱ्याबाहेर जाऊन फाटकाच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिले. आता ह्या पळाल्या तर माझ्यावरनंच पळतील, असं ठरवून.

पण त्या पळाल्या न्हाईत. वळून म्हणाल्या, "मागचं दार लावलंय न्हवं? न्हाईतर पुढनं येऊन मागनं जायची." मग देव्हाऱ्याकडं बघितलं, आणि तोंड आंबट केलं. "हा दिवा कसला? ह्याला तेल कुठाय?"

ताई म्हणाली, "आई, तो बॅटरीचा आहे."

"मेलाय तो."

ताईनं कपाटातनं निरंजन काढलं, कागदात गुंडाळून ठेवलेलं. वात न्हवती. ताईनं तिच्या औषधांच्या खणातला कापूस आणला. मोठ्या बाईंनी चिमूटभर घेतला, तळव्यावर फिरवला आणि वात झाली. ज्या बाईला सकाळचा चहा ध्यानात राहत न्हवता, तिच्या बोटांना वात पाठ होती. तेल घातलं. मग हात पुढं केला. "काडेपेटी."

काडेपेटी होती. माझ्या पिशवीत, घरच्या स्टोव्हसाठी घेतलेली, दाराबाहेर चपलांजवळ ठेवायचे मी. ताईच्या डोळ्यांत मला तिची सगळी पुस्तकं दिसली. आग, जळणारे पडदे, सगळं. बाईंच्या पाठीमागंच पडदा होता, जाळीचा, हलका.

"मावशी," ताई म्हणाली, "द्या."

"ताई, तुम्ही आधी दारात या. बाहेरच्या बाजूला."

ती आली न्हाई. सासूच्या शेजारीच उभी राहिली. मी पेटी आणून दिली. मोठ्या बाईंनी काडी ओढली, हाताचा आडोसा केला, वात पेटवली, काडी हलवून विझवली, बोटानं दाबून बघितली नीट विझली का. मग पेटी ताईच्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, "वर ठेव, फळीवर. पोर येणारे घरात."

ताई तिथंच फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्या बाईंना त्याचं काही न्हवतं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या, मग उंबऱ्याच्या आत पाट मागून घेतला आणि दारात बसल्या. मी परत फाटकाशी जाऊन उभी राहिले. डास आत आले. येऊ दिले.

तेवढ्यात दादांची गाडी आली. त्यांनी आधी उघडं दार बघितलं. मग दारात आई. मग फाटकात हात पसरून मी. गाडी तशीच चालू ठेवून ते धावत आले. "दार उघडं कुणी... मावशी, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

मला वाटलं, गेलं काम. मी काही बोलायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. दिवा लावलाय."

दादांनी चपला काढल्या. शाळेतनं आलेल्या पोरासारख्या, एकीवर एक. मग ताईनं त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि दिव्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "हिचं असंच होतं. आम्ही लहान असताना संध्याकाळी दार लावलं की पाठीत धपाटा बसायचा." आणि मग एकदम, "मला कसं आठवलं नाही?"

अंधार पडला तशी मोठ्या बाई उठल्या. "झालं. लाव आता." स्वतः वर गेल्या, जेवल्या, झोपल्या.

दादांनी संस्थेला फोन केला. मी आत भांडी घासत होते, ऐकू आलं. "उद्या नका येऊ. नाही, रद्द नाही करत. एक महिना बघतो." म्हणजे महिना. मला झोप लागली न्हाई.

महिना झाला, अजून एक झाला. कडी काढायला ताईनं सुतार बोलावला. दाराला स्क्रूची भोकं राहिली हायेत, ती तशीच. ताईला मुलगी झाली. आईच्या घरी न जाता ती इथंच आली बाळाला घेऊन. निबंध अजून चालूच हाय. मला म्हणते, "मावशी, तुम्हाला त्यात घातलंय." मी विचारलं, "किल्लीवाल्यांत का वेड्यांत?" म्हणाली, "तेच तर ठरत नाहीये." म्हटलं, "ठरलं की सांगा, साडी तशी नेसून येते."

पण मोठ्या बाई बऱ्या झाल्या असं कुणी समजू नये. हा आजार बरा होत न्हाई. परवा दिवा लावल्यावरबी त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, आणि मला हातानं बाजूला ढकललं. जोर हाय अजून अंगात. मी पाय रोवून उभी राहिले, गुडघ्यात कळ आली. "वहिनी, सर की." मी म्हटलं, "न्हाई सरणार बाई." मग त्यांनी माझ्याकडं ओळख न पटल्यासारखं बघितलं, आणि कसं काय कुणास ठाऊक, माघारी फिरल्या. ताई आतनं बघत होती, पोरीला छातीशी धरून. दादांना ते सांगायचं का न्हाई, हे आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं न्हाई.

फ्रीजवरचा तो कागद अजून तिथंच हाय. लोहचुंबक लावलेला. दूध काढायला गेलं की समोर येतो. मी रोज बघते. मग तुळशीची सावली भिंतीला टेकली की मागचं दार लावते, पुढचं उघडते, आणि बाहेर जाऊन फाटकाच्या तोंडाशी उभी राहते.